निळी वायर

जुना स्टिरिओ काढला तेव्हा त्याच्या पोटातून
एक रुपयाचं नाणं निघालं
आणि टोल नाक्याची फिकट पावती.
बटणं झिजलेली, आवाज कमी करायला गेलं की वाढायचा,
पण स्टेशन असं धरून ठेवायचा
जसा वाणी धरतो उधारीचा आकडा.

कलिन्याला, सीएसटी रोडवर,
इम्तियाजने दोन तासांत नवा बसवला.
नऊ इंची काच, मागे कॅमेरा, नकाशा,
बोटाने सरकवायचे रंग.
मी म्हटलं, रेडिओ लाव.
तो हसला. "रेडिओ कौन सुनता है, साब?"

सायन उतरेपर्यंत निवेदिका अर्धीच उरली.
"आज दुपारी भरती... वाजून... मीटर"
चुनाभट्टीला नुसतं तेल तापल्यासारखं,
आणि घाटल्यात, आमच्या गेटपाशी,
दोन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर चढलेली:
एक लग्नाचे दागिने विकतंय,
दुसरं मूळव्याधीचं मलम.

चार आठवडे हे चाललं.
दांडी काढून पॉलिशपेपरने घासली.
गाडी तुर्भ्याच्या दिशेने तोंड करून लावून पाहिली.
कॅमेऱ्याचा चार्जर उपटला, तर शिट्टी थांबली,
खरखर राहिली.
मृदुला गॅलरीतून म्हणाली, फोनवर ऐक की.
फोनवर आपण मागू तेच येतं,
हे तिला तिसऱ्या मजल्यावर ओरडून कसं सांगणार.

रविवारी बावडेकर आले, तळमजल्याचे,
बनियनवर, चष्म्याच्या घरात मल्टीमीटर घेऊन.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
रस्ते खणून केबली जोडल्या त्यांनी.
"अँटेनाची पिन बसलीय?"
बसलीय.
"बसलीय की टेकलीय?"
अंगठ्याने दाबली. टक्.
मलमवाला गेला, दागिने राहिले.

मग टॉर्च तोंडात धरून
शेवयांच्या त्या गुंत्यात हात घातला कोपरापर्यंत.
निळी वायर.
टोकाला काळी टेप, व्यवस्थित गुंडाळलेली.
"मुंडावळ्या बांधून बसवलीय हिला,
लग्न लावायचं विसरले."
टॉर्च काढून मला समजावलं:
वर दांडीच्या बुडाशी एवढासा अँप्लिफायर असतो,
जुना सेट त्याला केबलीतूनच जेवण धाडायचा,
नवा धाडत नाही. हा त्याचा डबा.
"महिनाभर उपाशी ठेवलंत,
वर म्हणताय ऐकू येत नाही त्याला."
अडॅप्टरमागे निळीची जोडीदार लोंबत होती.
टेप सोलली, मीटर लावला, बारा व्होल्ट.
मग गाडी बंद करून दोन्ही टोकं पिळली,
तीन वेढे, न बघता,
नजर तेव्हा समोरच्या मांजरावर.

आवाज आला.
कोणी बाई मोरावळा सांगत होत्या,
श्वास घेतलेला कळत होता त्यांचा.
"पाक एकतारी करू नका, बुरशी धरते..."

मी हात पुढे केला, पॅनेल बसवायला.
"थांब," म्हणाले, "संपू दे."
सीट मागे ढकललं,
दार उघडं, एक पाय बाहेर, पायात अंगठा तुटलेली चप्पल.
मी चहा खाली आणून दिला.
मोरावळा संपला, बातम्या झाल्या,
नंतर कोणीतरी गुडघेदुखीवर बोललं,
तेही त्यांनी ऐकलं.
किल्ली राहू दे म्हणाले.
त्यांच्या ग्रिलमध्ये काकूंच्या बरण्या
तीन वर्षं उपड्याच आहेत.
मी किल्ली राहू दिली.

सोमवारी सकाळी चावी फिरवली
आणि गाडीने दोनदा नुसती चुटकी वाजवली.
बॅटरी बसलेली.
अॅशट्रेत एक उरलेला स्क्रू, कुठला ते अजून कळलं नाही.

बावडेकर जम्पर केबल घेऊन उभेच होते,
माझ्याकडे न बघता.
काळा चिमटा लावताना म्हणाले,
"दोनतारी. ही तर म्हणायची एकतारीच."
थोड्या वेळाने:
"पण बुरशी धरायची, हे खरंय."